ओळंब्याचा एक फूट

पडदा वर जातो तेव्हा एक लांबोडकी खोली दिसते. मधोमध नालाच्या आकाराचं टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर चहाच्या कपांची जुनी वर्तुळं. टेबलामागे तीन खुर्च्या: मधली उंच पाठीची, बाजूच्या दोन जरा बुटक्या. आणि समोर, मोकळ्या जागेत, एक एकटी लाकडी खुर्ची. हिला हात नाहीत. ही साक्षीदाराची. तिच्यावर नजर असू द्या, पुढे ती कामाला येणार आहे.

शहराचं बांधकाम अपील मंडळ इथे बसतं. नगरपालिकेनं तुमचं बांधकाम नियमाबाहेरचं ठरवलं, पाडा म्हणून नोटीस धाडली, तर दाद मागायची ती या टेबलापाशी. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांना कायदा तोंडपाठ. पण भिंत का भेगाळते आणि गच्ची का गळते हे कायद्यात लिहिलेलं नसतं, म्हणून दोन्ही अंगांना दोन तज्ज्ञ सदस्य. डावीकडे आर्किटेक्टबाई. उजवीकडे आपला नायक, नगरपालिकेतून निवृत्त झालेला बांधकाम निरीक्षक, ज्याला सगळं शहर पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणायचं.

भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन टांगून सोडतो, तो ओळंबा. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं होतं. माणूस उंच, सडपातळ, आणि असा सरळ उभा राहायचा की शेजारची भिंत वाकडी वाटावी. परक्या घरी गेला तर आधी तसबिरी सरळ करणार, मग बसणार. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवा पडला असताना, तोंडात दोन हत्यारं असूनही, छत डावीकडे अर्धा इंच उतरलंय हे त्यानं बोटांनी खुणा करून सांगितलं होतं. खिशात टेप कायम. चष्मा विसरेल, टेप विसरणार नाही.

दोन तज्ज्ञांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. आर्किटेक्टबाई विचारायच्या, “दिसतं कसं?” ओळंबा विचारायचा, “भरतं किती?” पाच वर्षांत दोघांचं एकमत एकदाच झालं, ते चहा पाणचट असण्यावर.

तर अशा या मंडळापुढे एका शिंपीणबाईंचं अपील आलं.

बाईंचं खाली दुकान, वर एकच खोली, आणि वर जायला बाहेरून जिना. शेजारच्या घराचा मालक बदलला, त्यानं तक्रार केली. इमारत आणि शेजारची हद्द यांच्यात तीन फूट जागा मोकळी सोडायची असा नियम. जिन्यापासून हद्दीपर्यंत भरले दोनच. नोटीस आली: जिना पाडा. जिना पाडायचा तर नवा दुकानाच्या आतून काढावा लागणार, आणि तो काढला की कापड बेतायचं टेबल मावणार नाही. टेबल नाही तर दुकान नाही. बाई एकट्या. एवढं सगळं त्या एका जिन्यावर उभं होतं.

दोघं तज्ज्ञ पाहणीला गेले. ओळंब्यानं टेप लावला. दोन फूट, वर एक दोरा नाही की खाली एक दोरा नाही.

आर्किटेक्टबाईंनी फाइल उघडली. “गंमत बघा. बावीस वर्षांपूर्वी जिना बांधला तेव्हाची नोंद आहे. अंतर तीन फूट. खाली सही कोणाची, ते मी वाचायला नको.”

सही ओळंब्याचीच होती. अक्षर असं की रांगोळीचे ठिपके मोजून काढावेत.

“मग झालं तर,” तो म्हणाला. “तेव्हा तीन, आता दोन. जिना नंतर रुंद केलाय.”

हा मुद्दा जिवावरचा होता. मुळात चुकलेलं पण जसंच्या तसं राहिलेलं जुनं बांधकाम मंडळ माफ करू शकत असे. मंजुरीनंतर गुपचूप वाढवलेलं मात्र पाडायचंच, तिथे अध्यक्षबाईंचेही हात बांधलेले.

शिंपीणबाई दारातच उभ्या होत्या, गळ्यात मापाची फीत. “साहेब, एक वीटसुद्धा हलवली नाही मी. सासऱ्यांनी बांधला तसाच आहे. मोजायला तुम्हीच आला होतात. पाणी मागितलंत, दोन पेले प्यालात. आणि तुमच्या टेपचं टोक तुटलेलं होतं.”

“तुम्हाला बरं आठवतं.”

“माझा धंदाच मापाचा. कोणाचा चेहरा विसरेन, टेप नाही विसरत.”

ओळंब्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला. परतताना रस्त्यात त्यानं एकही पाटी वाकडी आहे म्हणून सांगितलं नाही, तेव्हा आर्किटेक्टबाईंना पहिल्यांदा शंका आली.

आता देखावा बदलतो. ओळंब्याचं घर, दुपारची वेळ. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक भलंमोठं लाकडी कपाट. घरात त्याला ‘फुटाचं कपाट’ म्हणत. ते भिंतीच्या मापाचं बनवून घेतलं होतं, पण आलं ते फूटभर लांब, आणि तो फूट दाराच्या चौकटीवर चढून बसला. तेव्हापासून दार अर्धवट उघडायचं आणि सगळं घर आडवं होऊन आत जायचं. मुलगा दप्तरासकट आडवं चालायला शिकला. सून आली, तिला पहिल्या दिवशी सासूनं हेच शिकवलं. जाड पाहुण्यांना पाणी बाहेर आणून देत. आणि ओळंबा दर वेळी आत शिरताना त्या सुताराचा उद्धार करी. बावीस वर्षं.

त्या दुपारी त्यानं खणातून जुना टेप काढला. जुनं हत्यार तो टाकत नसे. टेप ओढला. पहिला आकडा आला, एक फूट. शून्य ते एक हा तुकडा गायबच.

“अगं,” त्यानं आतल्या दिशेनं हाक मारली, “आपलं कपाट कधी आलं?”

बायको दारातून आडवी बाहेर आली. “आज कसली चौकशी? सुताराला फाशी द्यायचीय का?”

“तारीख आठवते?”

“आठवायला कशाला हवी? तुमची चिठ्ठीच आहे.” तिनं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागदाचा पिवळा चतकोर चिकटवलेला होता. “सुतारानं परत दिली होती. मी जपून ठेवली. म्हटलं, कधीतरी वाचाल.”

त्याच रेखीव अक्षरात: भिंत सात फूट. खाली तारीख. भिंत सहा फुटांची होती, हे घरातलं लहान मूलही सांगू शकलं असतं.

त्यानं फाइलमधल्या नोंदीची नक्कल शेजारी धरली. तारीख तीच.

“तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले की. दर वर्षी बोलले. म्हणाले, सुतारानं चिठ्ठीप्रमाणेच केलंय. तुम्ही म्हणायचात, माझं माप चुकणं शक्य नाही.” मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, “चहा टाकू का?”

चहा आला, निवला. ओळंबा तुटक्या टेपकडे बघत बसला. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. शिंपीणबाईंच्या आठवणीला पुरावा नव्हता आणि त्याच्या सहीला शहरात तोड नव्हती. निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले होते, या माणसाचा एक इंच कधी चुकला नाही. तसा इंच चुकलाच नव्हता म्हणा. बारा चुकले होते.

तो उठला, चपला घातल्या आणि सुताराच्या घरी गेला.

सुनावणीच्या दिवशी मागची बाकं भरली होती. नगरपालिकेचे वकील उभे राहिले. “नोंद स्पष्ट आहे. तेव्हा तीन फूट, आज दोन. जिन्याला काही पाय नाहीत सरकायला. बाईंनी तो नंतर रुंद केला.”

अध्यक्षबाई उजवीकडे वळल्या. “तज्ज्ञ सदस्यांचं मत?”

ओळंबा उभा राहिला. “मॅडम, मला मत देता येणार नाही. मला साक्ष द्यायचीय.”

“तिथून देता येणार नाही.”

“ठाऊक आहे. म्हणूनच उठलो.”

आणि तो टेबलाला वळसा घालून निघाला. नाटकात दहा माणसं मेली तरी अशी शांतता मिळत नाही. तो त्या हात नसलेल्या खुर्चीपाशी आला, आधी ती टेबलाशी काटकोनात सरळ केली, मग बसला. मांडीवर तुटका टेप आणि पिवळी चिठ्ठी.

“त्या दिवशी सकाळी एका लोखंडी फाटकात टेप अडकला आणि पहिला फूट तुटला. नवा मिळेपर्यंत तोच वापरला. मोजायचं आणि एक वजा करायचा, सोपं काम. जिन्यापाशी मी वजा करायला विसरलो. तीन वाचले, तीन लिहिले. होते दोन. जिना हलला नाही. माझी नोंद चुकली.”

वकिलांनी चष्मा काढला. “याला पुरावा?”

“माझ्या स्वयंपाकघराचं दार. त्याच संध्याकाळी कपाटासाठी घरची भिंत मोजली, तिथेही विसरलो; कपाट फूटभर लांब आलं, ते त्या दारावर चढून बसलंय. ही चिठ्ठी, तारीख एकच. मंडळानं पाहणीला अवश्य यावं. फक्त एका वेळी एकानं, आणि आडवं.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकलं. आर्किटेक्टबाईंनी मात्र गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “कपाट बनवणाऱ्याला काय म्हणालात?”

“बावीस वर्षं बरंच काही म्हणालो. परवा जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, ‘साहेब, मी तेव्हाच बोललो होतो, भिंत लहान दिसतेय. तुम्ही म्हणालात, भिंत नाही, तुझी नजर लहान आहे.’”

“त्या दिवशी आणखी कुठं मोजलंत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“तीन ठिकाणी. पत्ते लिहून आणलेत.”

“आज आपल्यापुढे एकच अपील आहे,” अध्यक्षबाई घाईनं म्हणाल्या. “तो कागद नगरपालिकेला रीतसर द्या. इथे वाचू नका.”

साक्षीदाराला निकालात बसता येत नाही. ओळंबा मागच्या बाकावर शिंपीणबाईंशेजारी जाऊन बसला. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. त्यानं ती घेतली.

निकाल दोघींनी दिला. जिना मूळचाच, वाढवलेला नाही. कठडा मजबूत करावा, जिना राहील. शिंपीणबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले.

“शिवाय दिसायलाही बरा आहे,” आर्किटेक्टबाईंनी जोड दिली.

“तिसरी पायरी अर्धा इंच उतरलीय,” बाकावरून आवाज आला.

“साक्षीदारांनी शांत बसावं,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

ओळंब्यानं राजीनामा लिहून दिला होता. अध्यक्षबाईंनी तो पाहिला आणि समास वाकडा आहे म्हणून परत केला. दुसरा लिहायला तो आजवर बसलेला नाही. पुढच्या पाहणीपासून त्यानं टेप गुंडाळला की आर्किटेक्टबाई विचारायच्या, “वजा केलंत?” तो म्हणायचा, “केलं.” पाच वर्षांत असं सलोख्याचं संभाषण त्यांच्यात झालं नव्हतं. सुतार येऊन कपाट फूटभर कापून गेला. दार आता पुरं उघडतं, आणि घरातली सगळी माणसं अजून आडवीच आत जातात.

निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागायची मुदत साठ दिवसांची. ती संपेपर्यंत ओळंबा शिंपीणबाईंच्या गल्लीतूनही गेला नाही. एकसष्टाव्या दिवशी बायकोनं दिलेलं कोटाचं कापड काखेत मारून तो दुकानात हजर झाला आणि आधीच बजावून मोकळा झाला की शिलाई पूर्ण घ्यायची, नाहीतर कापड परत.

“पूर्ण घेईन, तुम्ही उभे राहा,” शिंपीणबाई म्हणाल्या. गळ्यातली फीत काढून त्या मागे आल्या. ओळंबा उभा, नाकासमोर नजर, श्वास रोखलेला. “हात जरा सैल सोडा, साहेब. पाहणी नाही ही.”

फीत खांद्यावर टेकली.  मान न वळवता, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “बाई, शून्यापासून धरलंय ना?”