रुखवतासाठी विणलेले गोल रुमाल

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणी वाचलंच तर माफ करावं. मी चौथी शिकले. डाव्या हातानं लिहायची म्हणून मास्तरांनी पट्टी मारून उजव्यानं लिहायला लावलं. क्रोशाची सुई मात्र डाव्याच हातात राहिली.

लग्न होऊन मुलुंडच्या चाळीत आले तेव्हा मी कुणाशी बोलत नसे. बायका गेल्या की मगच नळावर जायची. शेजारच्या वहिनी तेवढ्या दारात येऊन बसायच्या. तोंडाच्या फटकळ, पण मला त्यांचं बोलणं ऐकायला आवडायचं. मी त्यांना गोल रुमाल शिकवू लागले. दोरा बोटाला दोनदा गुंडाळायचा, त्या कड्यात खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे आणि दोऱ्याचं टोक ओढायचं, की मधलं भोक मिटतं. पुढे प्रत्येक फेरीत खांब वाढवायचे. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते, कमी वाढवले तर रुमाल वर वळतो. वहिनींचा नेहमी वळायचा.

"परत वाटी झाली बघ! आमटी वाढ आता हिच्यात," म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

एकदा म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीचं जमतंय गं. रुखवतात मांडायला काही विणून दे ना."

रुखवताच्या कामाचे पैसे कुणी घेत नाही. दोरासुद्धा मी घरखर्चातून वाचवून आणला. बहिणीला गुलाबी आवडतो असं त्या म्हणाल्या, म्हणून काठ गुलाबी केले. भिंगरीची वीण घातली. तिच्यात वाढीचा खांब दर फेरीला थोडा पुढे सरकवतात, मग पाकळ्या फिरल्यासारख्या दिसतात. विणताना त्या न पाहिलेल्या मुलीचा संसार माझ्या मनात यायचा. लग्न कधी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "पुढे गेलं गं, मुलाकडच्यांचं काही खरं नाही. तू विण." मी वर्षभर विणून त्यांच्याकडे देत राहिले.

मग घाटकोपरला नवऱ्याच्या ओळखीतलं एक लग्न होतं. बायका रुखवत बघत होत्या, मीही मागून डोकावले. लाडवांच्या ताटावर गुलाबी काठाचा रुमाल होता. इतर बायकांच्या भिंगऱ्या एका बाजूला फिरतात, माझी डावखुरीची उलट फिरते. ही उलट फिरत होती.

"मुलीनं केलं?" मी नवरीच्या आईला कसंबसं विचारलं.

"छे हो, हिला सुई धरता येत नाही. विकतचे आहेत. तुमच्या मुलुंडच्याच एक बाई दुकानात आणून देतात. स्वतः विणतात म्हणे."

घरी आले ती तशीच वहिनींच्या दारात गेले. "बहिणीचं लग्न ठरलंच नव्हतं ना?" एवढंच विचारलं.

त्यांचा आवाज चढला. "मग? दुकानदाराशी घासाघीस कोण करणार होतं, तू? तुझ्या तोंडून चार शब्द निघत नाहीत. पेटीत कसर लागली असती त्या रुमालांना!"

दुकानदाराशी बोलणं मला जमलं नसतं, हे खरंच होतं. त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी निम्मे पैसे आनंदानं दिले असते. बहीण कशाला मध्ये आणली? त्या चाळीत माझं बोलायचं माणूस एकच होतं, आणि ते वर्षभर माझ्यासमोर बसून खोटं बोलत होतं.

"दुकानातून आले ते सगळे पैसे मला द्या," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्यांनी ते थोडे थोडे दिले. कधी पाच रुपये, कधी दोन. खिडकीच्या गजांतून हात आत करायच्या, मी घ्यायची. दारात बसणं तेव्हाच बंद झालं. दिवाळीच्या आधी एकदा त्या दारातूनच आत आल्या.

"घे. फिटले सगळे. आता तरी राग सोड गं."

मी मोजले. पैसे पुरे होते. "हो, फिटले," मी म्हणाले, आणि त्यांना बसा न म्हणता त्या जाईपर्यंत उभीच राहिले.