गवई सरांच्या शोषखड्ड्यातला बादशहा

आमच्या जानेफळच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये किस्से जमायला वेळ लागत नाही; चहा येईपर्यंत दोन तयार! पण गवई सरांच्या नाण्यांचे किस्से घडत होते, तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला होता. हसलो ते नंतर.

* * *

गवई सर इतिहास शिकवतात. घरामागे शोषखड्डा खणताना मडकं फुटलं अन् चांदीची नाणी निघाली. सरांनी एक पुसलं. धारदार नाक, डोक्यावर पानांचा मुकुट.

"रोमचा बादशहा!" सरांनी नाणं वहिनींपुढे धरलं.

वहिनी म्हणाल्या, "मंग तो आपल्या संडासामांगं काऊन आला?"

* * *

डोणगावहून सरांचा साळा दिलीप धावत आला. "भाऊजी, सोनार गुपचूप गाळून देईन!"

"गुप्तधन लपवनं गुन्हा हाय बे! नोकरी जाईन माही!"

त्याच दिवशी सरांनी तहसीलला कळवलं, तरी धास्ती गेली नाही. वर्गात शिपाई आला, तर सर खडू टाकून उभे. "मी काहीच लपवलं नाही!"

"सर, पोषण आहाराची मीटिंग हाय."

* * *

मग सरांना दिसलं, बादशहाच्या गालावर खोल घाव. "आपली कुदळ लागली! सरकारी मालाचं नुकसान!"

मी मोबाइलवर शोधून सांगितलं, "सर, चांदी खरी का खोटी पाहायला तेव्हाचे लोकच छिन्नी मारत."

सर म्हणाले, "पन त्याहिले साक्षीले कुठून आनू?"

* * *

शेवटी पंचनाम्याला तलाठी मॅडम आल्या. त्या दारात दिसताच दिलीपनं एक नाणं उचलून तोंडात टाकलं.

मॅडमनी विचारलं, "तुमचं नाव?"

दिलीपनं आवंढा गिळला. डोळे पांढरे झाले, बोट गळ्याकडे गेलं. सर ओरडले, "गिटलं बे यानं!"

मिळेल त्या गाडीनं मेहकरचा दवाखाना गाठला. वहिनी रस्ताभर रडत होत्या, "माह्या भावाले वाचवा!" सर एका हातानं दिलीपची पाठ चोळत होते, दुसऱ्यानं स्वतःचा घाम पुसत होते. मागून स्कूटीवर तलाठी मॅडम!

एक्स-रेत पोटात पांढरा गोल दिसला. डॉक्टर म्हणाले, "खाली उतरलंय. धोका नाही. केळी खाऊ घाला, निघेल."

वहिनी केळी आणायला धावल्या. दिलीपच्या जिवात जीव आला. चपला घालून तो हळूच घरी निघाला.

मॅडम दारात आडव्या आल्या.

"कुठं चालले? नानं निघेपर्यंत तुम्हीच सरकारजमा हाय!"