फुटबॉलचा सालदार

दादाला फुटबॉलने नोकरी दिली असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो. फुटबॉलने त्याला पगार दिला. पगार वेगळा आणि नोकरी वेगळी. हा फरक आमच्या घरात आधी फक्त मायला माहीत होता, मग दादाला कळला, आणि त्याची किंमत मला मोजावी लागली.

आम्ही मूळ कामठीचे. कामठीत पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतोच. बाबा गेल्यावर मायने विड्या वळून आम्हा दोघांना वाढवलं. भिलाईत कारखाना उभा राहतोय, हाताला काम आहे, असं कानावर आलं तेव्हा ती आम्हाला घेऊन इकडे आली. जवळच्या कुरुद गावाच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या होत्या, त्यात आमची एक. माय पायव्यांच्या कामावर गिट्टीची टोपली वाहायची, दादा खोदकामावर जायचा आणि मी शाळेत. संध्याकाळी मोकळ्या जागेत फुटबॉल रंगायचा. त्या काळात प्रत्येक ठेकेदाराला स्वतःची टीम हवी असे. मोठ्या साहेबांसमोर टीम जिंकली की त्याची कॉलर ताठ व्हायची.

असाच एक ठेकेदार आमच्या दारात आला. शेजारच्या दुर्ग शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी माणूस. त्याला दादा सेंटर फॉरवर्ड म्हणून हवा होता. कागदावर मुकादम, काम फक्त खेळायचं, आणि पगार मायच्या रोजीच्या कितीतरी पट. दादा हो म्हणणार, तेवढ्यात चुलीपुढून माय बोलली.

"पाय मोडला त?"

"अहो बाई, शुभ शुभ बोला. मोडेल कावून?"

"मोडला त पगार चालू राहीन का बंद होईन?"

"खेळेल तोवर मिळेल. सीधी बात आहे."

मायचे वडील रामटेककडच्या एका गावात सालदार होते, म्हणजे पाडव्याला मालकाशी बोलणी करून वर्षभरासाठी बांधलेला गडी. वर्षाचे पैसे, महिन्याचे दाणे, एक जोडा, एक घोंगडी, असा तो ठराव असे. एकदा ते गाडीवरून पडले, कंबर धरली, आणि मालकाने त्याच आठवड्यात दाणे थांबवले. दुखण्याचं आधी बोलणं झालं नव्हतं ना! माय तेव्हा लहान होती. त्या वर्षीची उपासमार ती आम्हाला गोष्टीसारखी नाही, ताकिदीसारखी सांगायची.

म्हणून तिने ठेकेदाराला सरळ सांगितलं, "साल ठरवा. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पगार कमी द्या, चालते. पण पोरगा पडला-झडला, दुखण्यानं निजला, तरी दाणे बंद नाही झाले पाहिजे. जोडे अन् घोंगडी तुमची."

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरची गुढी बंद झाली होती, पण साल पाडव्यालाच बदलतं हे मायच्या हाडात मुरलेलं. ठेकेदार पोट धरून हसला. एवढा चांगला खेळाडू कमी पगारात मिळतोय म्हटल्यावर त्याने सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बूट आले आणि वर खरोखरीची एक काळी घोंगडीही आली.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माय, तू मले बैलाच्या बाजारात उभं केलं. माहा पाय मोडाची वाट पाहून राहिली का तू?"

"वाट नाही पाहून राहिली," माय म्हणाली. "बापाच्या वेळेस मी सगळं पाहून चुकली."

घोंगडीची गोष्ट टीममध्ये पसरली. दादाच्या पायात बॉल आला की कडेने आरोळी उठायची, "मार रे सालदार!" तो गोल करायचा आणि घरी येऊन तोंड फिरवून बसायचा. पावसाळ्यात त्याचा घोटा मुरगळला, महिनाभर खाटेवर होता, तरी पगार बिनबोभाट आला. माय खूश होती. दादाला मात्र तो पगार भिकेसारखा वाटला, कारण त्याच्याहून कमी खेळणारे त्याच्याहून जास्त घेत होते. खरं सांगायचं तर मलाही मायचीच लाज वाटायची.

पुढच्या पाडव्याला दादाने स्वतःच बोलणी केली. पूर्ण पगार, आणि खेळेल तोवर. ठेकेदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली म्हणे, "आता कसा मर्दासारखा बोललास!" पहिल्या पगारात दादाने मायला लुगडं आणलं आणि मला कंपासपेटी. आता काम सोड, असं तो मायला म्हणाला. मायने लुगडं कौतुकाने हातावर फिरवून पेटीत ठेवलं आणि सकाळी टोपली घेऊन निघून गेली.

थंडीच्या दिवसांत एका सामन्यात दोघं त्याच्यावर एकदम धावून आले. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. नडगी मोडली होती. ठेकेदार दवाखान्यात केळी घेऊन आला, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आणि पुढच्या महिन्यापासून पगार आला नाही. मी त्याला तोंडाला येईल ते बोलत होते.

"त्याले कावून शिव्या देऊन राहिली?" माय म्हणाली. "तो त आपल्या बोलाले जागला."

दादा जेवेनासा झाला. कमावलं नाही तर खाऊ कसा, एवढंच म्हणायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मायने ताट त्याच्यापुढे आदळलं. "माह्या घरचं साल पाडव्याले संपत नाही. तुहे दाणे चालू आहेत. जेव." तो लहान पोरासारखा रडला आणि जेवला.

पण दाणे कुठून तरी यावे लागतात. मायने मला विचारलं नाही. सकाळी लुगड्याचा काष्टा घालता घालता म्हणाली, "उद्यापासून तू पण चाल." माझी शाळा सुटली. तिच्या मागे मी गिट्टी वाहू लागले. दादाने ऐटीत जे नाकारलं होतं, ते आता माझ्या डोक्यावरून घरात येत होतं. मी दोघांचाही द्वेष केला, अगदी मनापासून. कंपासपेटी गिट्टीच्या ढिगावर फेकून आले होते, ती मायने शोधून आणली.

पाय जुळला, पण आखूड राहिला. वर्ष उलटून गेल्यावर दादाला कारखान्याच्या स्टोअरमध्ये हेल्परची जागा मिळाली. पगार थोडा, पण कायम. पहिला पगार झाला त्या दिवशी तो मला म्हणाला, "चाल," आणि लंगडत माझ्यापुढे चालू लागला. शाळेत जाऊन त्याने सगळे पैसे हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले. फी महिन्याची महिन्याला द्यायची असते, असं त्यांनी समजावलं.

"महिन्याचं नाही," दादा म्हणाला. "साल ठरवून घ्या, सर. घरी काही होवो, माहा दुसरा पाय मोडो, हिले मधातून काढाचं नाही."

मैदानावर ज्या शब्दाने त्याच्या अंगाची आग व्हायची, तोच शब्द तो ताठ मानेने बोलत होता. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलंही नाही. सरांनी पैसे मोजून पावती केली. मी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले, कारण वर्गात सगळ्यांत उंच आता मीच होते.