डांबरगोळीचं शेपूट

आमच्या खोलीत किस्से पूर्वीही घडत, पण साठत नसत. संध्याकाळी घरी गेलो की सुलभाला सांगून टाकायचो. भाजी निवडता निवडता ती ऐकायची आणि शेवट माझ्याआधी ओळखायची. गेल्या वर्षी ती गेली. किस्से घडायचे काही थांबले नाहीत, आता ते नुसते साचतात. त्यातले थोडे इथे मोकळे करतो.

आधी काम सांगतो. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत आमचा तिघांचा गट आहे. ताऱ्यांच्या मधल्या थंडगार ढगांत कार्बनचे मोठमोठे रेणू गरगरत असतात आणि गरगरताना ठरावीक लहरी सोडतात. परदेशातली एक रेडिओ दुर्बीण त्या टिपते आणि आलेल्या डेटात आम्ही रेघा शोधत बसतो. प्रत्येक रेणूच्या रेघा ठरलेल्या, बोटांच्या ठशांसारख्या. गटप्रमुख मल्होत्रा सर. दुसरा फिरोज, लातूरचा, पीएचडी संपवून थेट इथे आलेला. तिसरा मी, काळे. पहिल्याच दिवशी मल्होत्रा म्हणाले होते, "काले जी, कार्बन तो आपके नाम में ही है। आपका सिलेक्शन कौन रोकता?"

*

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात आमच्या खाली सक्सेना राहत. कोळशाच्या खात्यात आहेत. मी नेमकं काय करतो, हे त्यांनी एकदा चहा घेताना विचारलं. अंतराळातला कार्बन शोधतो, असं मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मतलब, कोयला।"

"तसंच काहीसं."

"मिल जाए तो पहले हमें बताइएगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फ़ाइल तो हमारे यहाँ से ही चलेगी।"

*

एकदा निधीच्या बैठकीला गेलो होतो. एका सदस्यांनी आमचा प्रस्ताव मागूनपुढून पाहिला आणि चष्मा वर केला. "यहाँ कॉम्प्लेक्स मॉलिक्यूल लिखा है। सिम्पल से काम नहीं चलेगा?"

मल्होत्रांनी हात जोडले. "चल जाता सर, पर सिम्पल वाले सब पहले के लोग ले गए।"

निधी मिळाला. कपात करून.

*

मल्होत्रांना काहीही दाखवा, त्यांचं उत्तर एकच: "एक और डेटा लाओ।" एखादी गोष्ट त्यांनी मान्य केल्याचं मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नव्हतं.

फिरोजला हे ठाऊक नव्हतं. आल्या आल्याच त्याला एक रेघ सापडली, सरळ, उंच, देखणी. तो कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन आला. मल्होत्रांनी जिलेबीला हात लावला नाही. "छह महीने पहले वाला डेटा खोलो।"

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आकाशातून आलेली रेघ वर्षभरात थोडी मागेपुढे सरकते. ही तसूभरही सरकली नव्हती. दुर्बिणीच्या आसपासच्याच कुठल्यातरी यंत्राची होती.

"बेटा, आसमान की होती तो सरकती," मल्होत्रा म्हणाले. "ये तो दिल्ली का किराएदार है। हिलता ही नहीं।"

फिरोजचा चेहरा उतरला. मग मल्होत्रांनी जिलेबी उचलली. "इसमें मिठाई का क्या क़सूर?"

*

एका नोव्हेंबरात, दिल्लीच्या ऐन धुरक्यात, बाहेरचे एक पाहुणे व्याख्यानाला आले. काजळीत सापडतात तसले रेणू अवकाशात कसे असतात, हा विषय. तिसऱ्या वाक्यापासून त्यांना खोकला लागला तो थांबेना. मल्होत्रांनी पाणी दिलं आणि खिडकी लावून घेतली. "सैंपल अंदर आ रहा है।"

*

मला वास येणं काही वर्षांपूर्वी बंद झालं. तापातून उठलो, बाकी सगळं परत आलं, वास आला नाही. एक दिवस आमच्या खोलीतला यूपीएस जळू लागला. सगळे बाहेर पळाले, मी पाठमोरा बसून रेघा मोजत होतो. फिरोजने दंडाला धरून बाहेर काढलं.

"रिसीवर ख़राब है इनका," मल्होत्रा जमलेल्या लोकांना सांगत होते.

घरी सुलभाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या डांबरगोळ्यांवरून कटकट नाही." तिच्या साड्यांच्या कपाटाचा वास मला कधीच सोसला नव्हता.

*

फिरोज जेवायला आला होता. सुलभाने विचारलं, "सध्या काय शोधताय?"

"नॅफ्थलीन, काकू."

"म्हणजे डांबरगोळी? त्याला एवढी दुर्बीण कशाला? माझं कपाट उघड की."

फिरोजने समजावलं. नुसतं नॅफ्थलीन रेडिओ दुर्बिणीला दिसतच नाही. त्याच्या एखाद्या भावंडाला कार्बन-नायट्रोजनचं शेपूट असतं, ते दिसतं. शेपूटवाला दिसला की समजायचं, बिनशेपटीचाही तिथेच कुठेतरी आहे.

सुलभाचा जन्म सरकारी नोकरीत गेला. ती म्हणाली, "आमच्याकडेही तसंच. माणूस दिसत नाही, शिफारस दिसते."

आमची गार्गी दिल्लीतच वाढली. ती मधेच म्हणाली, "डांबर म्हणजे रस्त्यावरचं ना? ते आई साड्यांत ठेवते?"

*

क्वार्टर सुलभाच्या नावावर होतं, ते सोडायची वेळ आली. गार्गीने नोएडात फ्लॅट घेतलाय, माझी खोली तिथे तयार आहे. प्रश्न कपाटाचा होता. सुलभा गेल्यापासून ते उघडलेलं नव्हतं.

"बाबा, तिकडे भिंतीतच कपाटं आहेत. जागाच नाहीये," गार्गी म्हणाली. "साड्या देऊन टाकू, हे कबाडीवाल्याला."

मी ठीक आहे म्हटलं. ती म्हणत होती ते खरंच होतं.

रविवारी टेम्पो आला. मल्होत्रा आणि फिरोज मदतीला आले होते. सगळं सामान खाली गेल्यावर गार्गीने कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांत सुलभाने मलमलच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. गार्गीने एक सोडली, मग दुसरी. दोन्ही रिकाम्या. डांबरगोळी विरघळत नाही, वितळत नाही, हवेत निघून जाते.

"संपल्या, बाबा. काहीच नाही राहिलं."

मी आत वाकलो. मला अर्थातच काही कळलं नाही.

"वास येतोय का?" मी विचारलं.

"येतोय, सर," फिरोज म्हणाला.

गार्गीने एका साडीला चेहरा लावला. बराच वेळ लावला. "येतोय."

मल्होत्रांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कपाटात डोकं घातलं आणि तसेच उभे राहिले. आता 'एक और डेटा लाओ' येणार, म्हणून मी वाट पाहत होतो.

"मान लिया," ते म्हणाले. मग गार्गीकडे वळून, "अब दरवाज़ा बंद करो बेटा। सिग्नल निकला जा रहा है।"

गार्गीने दार लावलं, किल्ली फिरवली आणि बाल्कनीतून खाली हाक मारली, "भैया, रुकना। एक अलमारी और है।"