कोणीच नको म्हटलं नाही

मद्रासच्या विधानसभेत एक विधेयक नुसतं मांडलं गेलं, आणि मी इकडे कुंभकोणात कायदा झाला म्हणून गल्लीभर शिरा वाटला. तूप सढळ हाताने घातलं होतं, काजू तळून वर पेरले होते. तमिळ शेजारणींनी तोंडभर कौतुक केलं. मीही काही कमी नव्हते. एकेकीला थांबवून तो कायदा कसा झाला, हे समजावून सांगत होते. झालाच नव्हता, हे तेवढं मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी विशीतली, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली. एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, पास. आमच्या गल्लीतल्या मराठी सुनांत तेवढी शिकलेली मी एकटी, त्यामुळे नाक कायम वर. तमिळ वर्तमानपत्र मद्रासच्या गाडीने यायचं, आणि ते मी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून बायकांना वाचून दाखवायची. जे मला समजायचं ते समजावून सांगायची. जे समजायचं नाही ते तर जास्तच घोळवून सांगायची.

हे विधेयक आमच्या जिव्हाळ्याचं होतं ते आत्याबाईमुळे. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत विधवा झालेली, पण कोणाच्या दारी तुकडा मोडायला गेली नाही. कावेरीकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं स्वतःचं घर होतं. दोन खोल्या, पुढे तिण्णै, मागे गोठा, गोठ्यात दोन गाई. जमीन दुसऱ्याची, भाड्याने घेतलेली. भिंती, तुळया, कौलं हिची. गावात अशी घरं तेव्हा पुष्कळ होती. काफीच्या हॉटेलांना ती दूध घालायची. एका हॉटेलवाल्याने एकदा तिच्या दुधात पाणी आहे का बघायला काचेची नळी बुडवली. आत्याबाईने ती नळी उचलली, पुसली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आतां तुझ्या काफींत बुडव."

जमीनमालकाची भातशेती कावेरीपलीकडे होती, आणि इकडे गावात त्याला पितळेच्या भांड्यांचं गुदाम उठवायचं होतं. त्याने कोर्टात दावा लावला आणि जिंकला. जमीन मालकाची, भिंती बाईंच्या. बाईंनी आपल्या भिंती उचलून न्याव्यात, असा निकाल. मुदत पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. भिंती उचलून कशा नेतात, हे कोर्टाने सांगितलं नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक वकील राहायचे. ते आमच्या भागातून आमदार म्हणून निवडून आले होते, कोणत्याही मोठ्या पक्षाचे नव्हते. आम्ही त्यांना वक्कीलमामा म्हणायचो. असल्या घरांची प्रकरणं त्यांच्याकडे बरीच यायची, म्हणून त्यांनीच ते विधेयक तयार केलं: दुसऱ्याच्या जागेवर ज्याने स्वतःच्या कष्टाने घर बांधलं त्याला भाडं देत असेतो हुसकावता येऊ नये, आणि निकाल लागला असला तरी घर उभं असेल तर त्यालाही ते लागू व्हावं. आत्याबाईचं घर उभं होतं. म्हणजे पोंगलच्या आत कायदा झाला की घर वाचलं. इतकं सोपं.

आणि एका सकाळी पेपरात आलं. विधेयक सभागृहात मांडलं गेलं, कोणीही विरोध केला नाही.

आता माझी अक्कल कुठे घसरली ते सांगते. पिढ्यानपिढ्या इकडेच राहिलेल्या आमच्या मराठी लोकांच्या भजनमठात रीत अशी होती की कोणाला काही मागायचं असलं तर आरतीच्या आधी उभं राहून विठ्ठलासमोर सांगायचं. आरती संपून कापूर विझेपर्यंत कोणी 'नको' म्हटलं नाही, तर ते झालं. मग कोणी कितीही मोठा असो, तोंड उघडायचं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मठाच्या मागच्या दालनात वऱ्हाड उतरवायची परवानगी माझ्या सासऱ्यांनी अशीच मिळवली होती. तेव्हा सभेत मांडलं, कोणी 'नको' म्हटलं नाही, याचा मला ठाऊक असलेला अर्थ एकच होता. मद्रासला कापूर असतो का, हा प्रश्न मला पडलाच नाही.

त्याच दुपारी जमीनमालकाचा कारकून आत्याबाईकडे आला. म्हाताराच होता, छत्री काखेत, कपाळावर भस्माचे पट्टे. मालकांनी निरोप दिला होता की स्वामीमलैच्या रस्त्याला त्यांची एक जागा आहे, बाईंनी तिकडे घर हलवावं. तुळया, कौलं मालकांच्या बैलगाड्यांतून पोचतील. गोठ्याला जागा आहे, विहीरही आहे. उगाच वाईटपणा नको.

आत्याबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. मी मात्र मध्ये पडले. हातात शिऱ्याचं पातेलं होतं.

"आता ते काही नको," मी तमिळमध्ये म्हणाले. "कायदा झालाय. तुमच्या मालकांना पेपर वाचायला सांगा. आणि हा घ्या शिरा."

कारकुनाने शिरा घेतला नाही. आत्याबाईकडे बघून म्हणाला, "अम्मा, तुम्ही काय म्हणता?"

"नाही," आत्याबाई म्हणाली.

तो छत्री उघडून गेला. त्याची पाठमोरी छत्री बघून मला काय हसू आलं होतं!

शनिवारी वक्कीलमामा मद्रासहून घरी आले. मी ताटलीवर केळीचं पान झाकून त्यांच्यासाठी ठेवलेला शिरा घेऊन गेले. त्यांनी एक घास घेतला, बरा झालाय म्हणाले, आणि विचारलं, "कशाबद्दल?"

"कायदा झाला ना!"

ताटली खाली ठेवून ते म्हणाले, "अम्मा, विधेयक मांडायला सभागृहाने परवानगी दिली. त्यावर चर्चा व्हायची आहे, कलम कलम बघायचं आहे, मत व्हायचं आहे, मग वरच्या सभागृहात तेच सगळं पुन्हा, मग राज्यपालांची सही."

"पण कोणी 'नको' म्हटलं नाही! पेपरात आहे!"

"मांडताना कोणीच म्हणत नाही. तेवढी सभ्यता पाळतात."

इतकी माणसं, इतकी शिकलेली, मनात एक ठेवून गप्प बसतात, आणि त्याला सभ्यता म्हणतात? मी तशीच धावत जमीनमालकाच्या पेढीवर गेले. कारकून चष्मा लावून बसला होता. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. स्वामीमलैच्या रस्त्याची जागा, तो म्हणाला, मालकांनी आदल्याच दिवशी एका सायकलवाल्याला दिली. बाई कायद्याने लढणार म्हणाल्या, मालकांना राग आला. त्याने मला पेपर वाचा असं सांगितलं नाही, ही त्याची मेहेरबानी.

आता सगळा भार त्या विधेयकावर. मी वक्कीलमामांच्या तिण्णैवर ठाणच मांडलं. दर शनिवारी ते आले की मी हजर.

त्यांनी मला सांगितलं की आकडे आपल्या बाजूला आहेत. तेव्हाच्या विधानसभेत कोणाचीच धड बहुमताची बाजू नव्हती. सरकार इकडची दोन, तिकडची चार माणसं सांभाळून उभं होतं. वक्कीलमामांसारख्यांची गरज दोन्हीकडे होती, म्हणून सरकारनेही शब्द दिला होता आणि विरोधी बाजूनेही. "आज मत झालं तर विधेयक पास," ते म्हणाले.

"मग करा की मत!"

"तिथेच तर गोम आहे. सरकारी नसलेल्या विधेयकाला फक्त शुक्रवारची दुपार मिळते. त्यात कोणाचं आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. आपलं दुसरं आलंय."

पहिलं कोणाचं होतं? मोकाट गुरांचं. पहिल्या शुक्रवारी एक आमदार त्यावर बोलायला उठले ते दुपारभर बसलेच नाहीत. वासराला ढोर धरायचं की नाही, देवाला सोडलेल्या बैलाचं काय, म्हशीच्या शेपटीला खूण बांधावी की शिंगाला. ते स्वतः मोठे जमीनदार होते. त्यांना गुरांचं काही पडलेलं नव्हतं. घड्याळात पाच वाजवायचे होते. आमच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांच्याच जागेवर घरं बांधून राहिलेल्या लोकांनी पुढच्या वेळी त्यांना मत दिलं नसतं.

"मग त्यांना बसवा की कोणीतरी!" मी ओरडले.

"सरकारने बसवायला हवं. पण असे चार जमीनदार रागावून उठले तर सरकारच बसेल."

दुसऱ्या शुक्रवारी गुरं आटोपली. आमचं विधेयक पुकारलं गेलं, वक्कीलमामा उभे राहिले, आणि लगेच मागून कोणीतरी म्हणालं की सभागृहात पुरेशी माणसं नाहीत. घंटा झाली. घंटा वाजत राहिली. माणसं येईनात, शेवटी बैठक तशीच उठली. शुक्रवारची संध्याकाळ, बाहेरगावचे आमदार वळकट्या घेऊन एग्मोर स्टेशनवर गेलेले. ज्यांनी शब्द दिला होता तेच जास्त. त्यातले दोन तर कुंभकोणच्याच गाडीत, वक्कीलमामांच्याच डब्यात त्यांना भेटले आणि विचारू लागले, "काय, झालं का तुमचं?"

बैलगाडीच्या आडवं कोणी झोपलं तर मला समजलं असतं. इथे रस्ता मोकळा, बैल धडधाकट, आणि गाडी हलत नाही!

आत्याबाई या काळात काही विचारायची नाही. दूध घालायची, गोठा झाडायची. मीच जाऊन रोज धीर द्यायची. "आता पुढच्या शुक्रवारी नक्की," असं सांगायची. ती म्हणायची, "बरें."

तिसऱ्या शुक्रवारची बातमी मी पेपरात वाचली आणि पुन्हा आनंदाने उडाले. एका सभासदाने सूचना केली होती की विषय इतका महत्त्वाचा आहे की यावर सगळ्या जनतेचं मत मागवावं. सूचना एकमताने मंजूर. जनतेचं मत! म्हणजे आमचं! गल्लीत कोण 'नको' म्हणणार होतं? मी पुन्हा शिराच करणार होते, घरात रवा नव्हता म्हणून अब्रू वाचली.

वक्कीलमामा त्या शनिवारी तिण्णैवर चपला न काढताच बसले होते.

"जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रं जातील," ते म्हणाले. "उत्तरं येतील, छापली जातील. तोवर अधिवेशन संपलेलं असेल. पुढच्या अधिवेशनात पुन्हा चिठ्ठी. पोंगल केव्हाच होऊन गेलेला असेल."

"मग त्या सूचनेला विरोध कोणी केला नाही?"

"नाही."

"तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "अम्मा, लोकांनी निवडून दिलेला मी. लोकांना विचारू नका, असं सभागृहात उभा राहून कसं म्हणू? मीसुद्धा 'हो' म्हटलं."

मी आजवर बरंच पाहिलं. घरातली मरणं पाहिली, कावेरीचा पूर पाहिला. पण त्या वाक्याने मी जेवढी हबकले तेवढी क्वचितच. ज्याने विधेयक जन्माला घातलं त्याने त्याच्या पुरण्याला हात वर केला होता, आणि तो वाईट माणूस नव्हता. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्या सभागृहात एकाही माणसाने आमच्या विधेयकाला 'नको' म्हटलं नव्हतं. मत झालंच नाही.

पोंगल झाला आणि घर उतरवलं. आत्याबाई स्वतः पदर खोचून खाली उभी राहिली आणि वरून येणारं एकेक कौल झेलून रचत होती. फुटकं वेगळं, सबंध वेगळं. तुळया आमच्या परसात आणून टाकल्या. एक गाय विकली, एक आमच्याकडे आली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि परसात चार केळी. तिथे आत्याबाई आली.

मी आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मग एका सकाळी ती दूध काढत असताना तिच्या पायाशी जाऊन बसले आणि रडत म्हणाले की माझ्या शहाणपणाने तुझं घर गेलं. मी त्या कारकुनाला तसं बोलले नसते तर आज स्वामीमलैच्या रस्त्याला तुझं घर उभं असतं.

तिने धार थांबवली नाही. गाईच्या पोटाला डोकं टेकून, माझ्याकडे न बघता ती बोलली. इकडच्या जुन्या मराठीतले तिचे शब्द जसेच्या तसे देते:

"तूं बोललीस म्हणून मी ती जागा नाकारिली, ऐसें वाटतें काय गे तुज? कायदा झाला नाहीं हें मज तेव्हांच ठाऊक होतें. सकाळीं दूध घालायास गेलें तेव्हां वकिलाच्या बायकोनेंच सांगिटलें होतें. मज माझें घर सोडायचें नव्हतें, म्हणून मी नाहीं म्हटलें. तुझ्या त्या सभेंत एवढे पुरुष बसतात, एकाच्यानें तोंडावर नाहीं म्हणवलें नाहीं. माझ्यानें म्हणवलें. घर गेलें तर गेलें, पण तें माझ्या बोलण्यानें गेलें, तुझ्या नव्हे. उगाच मोठेपणा घेऊं नको. आतां नाक पूस, आणि तुझ्या नवऱ्यास सांग, परसांतल्या दोन केळी आजच काढ म्हणावें. गाईस बसायला जागा नाहीं."