आधी लिहिलेलं इतिवृत्त

मिनिटबाई बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आधीच्या आठवड्यात लिहीत. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे, पण कंपनीची रीतच तशी होती. कारखान्यांच्या पाइपांमधला दाब आणि भट्ट्यांची उष्णता मोजणारी यंत्रं बनवणारी ही कंपनी. तिचा कारभार पाच साहेब पाहत आणि त्या पाचांवर लक्ष ठेवायला नऊ जणांचं संचालक मंडळ होतं. लक्ष ठेवायचं म्हणजे तीन महिन्यांतून एकदा लांब टेबलाभोवती बसायचं आणि साहेबांनी आधीच ठरवून आणलेल्या गोष्टींना मान डोलवायची. मग इतिवृत्ताने तरी बैठकीसाठी खोळंबून का राहावं? ‘सविस्तर चर्चेनंतर मंडळाने एकमताने मंजुरी दिली’ हे वाक्य बाईंनी बावीस वर्षांत इतक्यांदा टाइप केलं होतं की त्यासाठी डोकं लागत नसे. बैठक झाली की त्या फक्त वेळ भरत आणि कोण आलं नव्हतं ते लिहीत.

बैठकीचे मिनिट्स लिहिणाऱ्या म्हणून मिनिटबाई. हे नाव शिपायांनी पाडलं, साहेबांनी उचललं आणि शेवटी बाई स्वतःही फोनवर तेच सांगू लागल्या. घरी नवरा सहा वर्षांपासून आजारी, कमावत्या त्या एकट्याच. त्यामुळे नोकरीत त्यांनी कधी इकडचा शब्द तिकडे केला नाही. अध्यक्षांच्या एका जुन्या ड्रायव्हरने गाडीत ऐकलेली गोष्ट बाहेर सांगितली होती, त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं होतं. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं होतं.

त्या शुक्रवारी सेक्रेटरीसाहेबांनी पुढच्या गुरुवारच्या बैठकीचे कागद आणून दिले. विषय क्रमांक सात बाईंनी दोनदा वाचला. तपासणी खोली बंद करायची होती. प्रत्येक यंत्र कंपनीबाहेर पडण्याआधी त्या खोलीत दिवसभर चालवून पाहत. अकरा माणसं हे काम हाताने करत. आता ते काम संगणक करणार होता. आणि त्या अकरांत बाईंचा धाकटा भाऊ होता, एकोणीस वर्षांपासून. काट्याची थरथर पाहून यंत्रात काय बिनसलंय ते तो उघडण्याआधी सांगे.

बाई कागद घेऊन सेक्रेटरीसाहेबांकडे गेल्या.

“साहेब, हा सातवा विषय दुसऱ्या कुणाला लिहायला द्या. माझा भाऊ आहे तिथे.”

“बाई, दुसऱ्याला दिला म्हणजे आणखी एकाला कळलं,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. “तुमच्यावर मंडळाचा विश्वास आहे. तो असा मोडू नका.”

विश्वास टाकून माणसाला बांधायची ही युक्ती जुनीच आहे, पण दरवेळी लागू पडते. बाई जागेवर परतल्या. विषय सात: सविस्तर चर्चेनंतर मंडळाने एकमताने मंजुरी दिली. भावाची नोकरी त्यांनी स्वतःच्या हाताने एका ओळीत संपवली, आणि अजून तर बैठकही झाली नव्हती.

रविवारी नेमका धाकटा घरी आला. मेहुण्याची दाढी करून दिली, चहा घेतला आणि मग खुर्ची ओढून बहिणीसमोर बसला.

“ताई, एक विचारायचंय. शहराच्या त्या टोकाला पंपांचा कारखाना आहे ना, तिथे मुकादमाची जागा आहे. बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. काय करू?”

बाई लगेच म्हणाल्या, “घे की. चांगली आहे.”

“चांगली कसली? दोन बस बदलाव्या लागतात. पगार इथल्यापेक्षा कमी.”

“तरी पण. बदल झाला की माणसाला बरं वाटतं.”

“एकोणीस वर्षं झाली, आता कसला बदल!” तो हसला, मग जरा पुढे वाकला. “वर काही शिजतंय का? तू त्यांच्यातच बसतेस. काही कानावर आलं असेल तर सांग.”

आता सांगावं, आत्ता या क्षणी सांगावं, असं बाईंना आतून वाटत होतं. पलीकडच्या खोलीत नवरा खोकला. बाई म्हणाल्या, “मला कोण काय सांगतंय? मी आपली टाइप करणारी.”

“झालं तर मग,” धाकटा उठला. “काही असतं तर तू अशी निवांत बसली असतीस होय!”

निवांत! बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. पण बावीस वर्षं त्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून चेहऱ्यावरची रेघ हलू न द्यायची इतकी सवय झाली होती की सख्ख्या भावालाही काही दिसलं नाही. बुधवारी त्याने पंपांच्या कारखान्याला नाही म्हणून कळवलं.

राहता राहिली गुरुवारची बैठक. बाईंनी लिहिलेलं इतिवृत्त आजवर दोनदा बदलावं लागलं होतं. दोनदा झालं म्हणजे तिसऱ्यांदाही होऊ शकतं, एवढ्या एका आशेवर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसल्या.

सहावा विषय लांबला. कंपनीचं बोधचिन्ह निळं असावं की गडद निळं, यावर मंडळी पाऊण तास हिरिरीने भांडली. सातवा विषय येईपर्यंत जेवायची वेळ टळून गेली होती. अध्यक्ष म्हणाले, “कागद सगळ्यांनी वाचलेच आहेत असं धरून चालू. कुणाला काही?”

टेबलाच्या टोकाला बसणारे म्हातारे संचालक, जे एरवी डुलक्या घेत, त्यांनी चष्मा काढला. “ही तपासणी खोली आपण कधी पाहिली आहे का?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. वर्षातून एकदा मंडळ कारखाना पाहायला जाई तेव्हा जमिनीवर रंगवलेल्या हिरव्या पट्ट्यावरून चालवलं जाई. पट्टा नव्या यंत्रांजवळून जाई आणि भोजनगृहात संपे. तपासणी खोली त्या पट्ट्यावर नव्हतीच.

“किती माणसं आहेत तिथे?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“अकरा,” तंत्रज्ञान सांभाळणारे साहेब म्हणाले. “होता होईल तेवढ्यांना दुसरीकडे घेऊ.”

“मग आधी खोली पाहू या आणि मग ठरवू. घाई काय आहे?”

बाईंचं पेन थांबलं.  अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, “सूचना उत्तम आहे. खोली बंद करण्यापूर्वी आपण अवश्य भेट देऊ.”

म्हाताऱ्यांचं समाधान झालं. त्यांनी चष्मा चढवला आणि सगळ्यांबरोबर हात वर केला.

बाईंना इतिवृत्तात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. उलट, ‘सविस्तर चर्चेनंतर’ हे शब्द निदान या खेपेला थोडेफार खरे होते.

कामावरून कमी केल्याची पत्रं सोमवारी वाटली. अकराच्या अकरा. संध्याकाळी धाकटा आला तो मेहुण्याकडे न जाता थेट स्वयंपाकघरात. बाई ओट्याशी उभ्या होत्या. 

“ताई, मी त्या दहा जणांना सांगितलं होतं,” तो म्हणाला. “माझी बहीण वर बसते, तसं काही असतं तर मला कळलं असतं, असं. त्यातल्या दोघांना बाहेर काम मिळत होतं. माझ्या शब्दावर त्यांनी नाही म्हटलं.”

बाईंनी गॅस बंद केला.  ही दोन माणसं त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

“उद्या ते मला विचारणार,” तो म्हणाला. “तुझ्या बहिणीला माहीत होतं का, म्हणून. काय सांगू? तू म्हणशील ते सांगतो.”

“माहीत होतं,” बाई म्हणाल्या.  “शुक्रवारपासून. तू आलास तेव्हाही. तसंच सांग त्यांना. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

धाकट्याने मान खाली घातली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“ते नाही सांगता येणार ग,” तो हळूच म्हणाला. “तुला माहीत होतं म्हटलं, तर मलाही माहीत होतं असंच म्हणतील ते. बहिणीची नोकरी वाचवायला आम्हाला फसवलं, म्हणतील. एकोणीस वर्षं एका बाकावर जेवलोय त्यांच्याबरोबर.”

बाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“तुला काहीच माहीत नव्हतं, असं सांगतो,” तो म्हणाला. “आणि तूही कुणी विचारलं तर तेच सांग. सांगशील ना?”

बाईंनी मान डोलवली.