दोराचं वरचं टोक

बंदरातले सगळे त्याला कासवदादा म्हणत. पाण्याखाली तो इतका निवांत रमायचा की नावेत बसलेल्यांचा जीव टांगणीला लागे. बोटींना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तळाच्या साखळ्या सांभाळणं हे त्याचं काम. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून कड्यांना जस्ताचे ठोकळे घट्ट बसवायचे. मग आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. पाठीला हवेची टाकी बांधून तो खाली असला की वर नावेत बायको त्याच्या कमरेचा दोर धरून बसे. दोराला हिसका आला म्हणजे सगळं ठीक.

मग त्याच्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणंच बंद केलं. घरी बसून त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. बायकोला दोन दिवस मीठ सापडेना.

बुडी मारण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली लेक म्हणाली, "बाबा, साखळ्यांचं मी बघते."

"पोरखेळ वाटला का तुला?"

"मग दोर तुम्ही धरा की," बायकोने परस्पर निकाल लावून टाकला.

तो दोर धरून बायकोशेजारी नावेत बसला आणि लेक खाली गेली. पहिला हिसका आला, मग काहीच नाही. त्याने दोर ओढून पाहिला. उत्तर नाही. पुन्हा ओढला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो सदरा काढू लागला तशी बायकोने दंड धरला.

"अहो, कान विसरलात? ते बुडबुडे बघा. एका जागी, एकसारखे येतायत. काम करतेय ती."

तेवढ्यात दोर हलला. थोड्या वेळाने लेक वर आली ती कुरकुरतच.

"किती ओढतोस रे बाबा! दोन्ही हात गुंतले होते. कडं गंजलं होतं, चकचकीत होईपर्यंत खरवडलं. जस्त लोखंडाला भिडलंच नाही तर नुसता ठोकळा अडकवून काय उपयोग?"

शाबासकी द्यायचं राहूनच गेलं. टॉवेल घेऊन तो तिचं डोकं खसाखसा पुसत राहिला.

"तू इतकी वर्षं हे कसं गं सोसलंस?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"सुरुवातीला रडायचे. मग बुडबुडे ओळखू यायला लागले."

"कधी बोलली नाहीस ती!"

"बोलू कधी? वर आलात की तुम्हाला आधी भूक लागलेली असायची."

तो हसला, पण डोळे भरून आले होते. लेक पुढच्या साखळीसाठी पाण्यात उतरली. त्याने दोर हातात घेतला आणि बायकोला म्हणाला, "जरा इकडे सरक. मलाही शिकव ते बुडबुडे ओळखायला."